छत्रीच्या खाली बघा

भाद्रपद सरत आला की घाटावरचा पाऊस थकतो. मग हस्त नक्षत्रात एखाद्या दुपारी गडगडाट करत येतो आणि सगळं पुन्हा ओलं करून जातो. भोंडल्याचे फेर धरले जातात ते याच दिवसांत. या पावसानंतर दोन-तीन दिवसांत पुण्याच्या टेकड्यांवर, सोसायट्यांच्या हिरवळीवर आणि कुजणाऱ्या ओंडक्यांवर अळंब्या नव्याने उगवतात. मुलांना घेऊन त्या बघायला जावं, की मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवावं? दोन्ही बाजूंना शहाणी माणसं सापडतात. त्यांतली दोन या लेखापुरती उभी केली आहेत: एक निवृत्त जीवशास्त्राच्या बाई आणि दुसरे त्यांचेच जुने विद्यार्थी, आता बालरोगतज्ज्ञ. येत्या रविवारी सोसायटीतल्या मुलांना वेताळ टेकडीवर अळंब्या दाखवायला नेणार, असा कागद बाईंनी सूचनाफलकावर लावला आहे. डॉक्टरांच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यावर सगळ्यांत आधी नाव लिहिलं आहे.

डॉक्टर: बाई, कागद वाचला. पक्षी दाखवा, फुलपाखरं दाखवा, तेरडा दाखवा. कुत्र्याच्या छत्र्याच कशाला?

बाई: मुलांचा घोळका टेकडीवर चढला की पक्षी आधीच उडालेला असतो. जो दिसतो तो फक्त दुर्बीण हातात असलेल्याला. अळंबी जागची हलत नाही. सगळ्यांनी आळीपाळीने गुडघ्यावर बसावं, वरून बघावं, खालून बघावं, वास घ्यावा, चित्र काढावं. आरडाओरडा केला तरी ती तिथेच असते. लहान मुलांना निसर्गात इतका सोशिक विषय दुसरा मिळत नाही.

डॉक्टर: पण त्यांचा मोसम आषाढ-श्रावणाचा. आता आश्विनात काय उरलंय?

बाई: मऊ छत्र्या कमी झाल्यात, हे खरं. त्यांतल्या काही तर सकाळी उगवतात आणि संध्याकाळपर्यंत शाईसारख्या विरघळून जातात. पण ऐन पावसात मुलांना न्यायचं म्हणजे चिखल आणि घसरडी वाट. आता वाट कोरडी आहे आणि टिकणारी मंडळी उघड्यावर आलीत. गिरिपुष्पाच्या मेलेल्या फांद्यांवर शिझोफायलम असते, नखाएवढे पांढरे, लवदार पंखे. कोरडी पडली की तिचे खालचे पापुद्रे मिटतात, पाणी शिंपडलं की उघडतात. बाटलीतलं चार थेंब पाणी आणि थोडी वाट बघायची तयारी असली की प्रयोग झाला. मग वाटीबुरशी. इवल्याशा वाटीत मसुराएवढे करडे मणी असतात, पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की मणी उडून मीटरभर लांब जाऊन पडतात. त्या मण्यांत बीजाणू. शिवाय भूतारे, ज्यांचं बाहेरचं साल चिरून चांदणीसारखं उलगडतं. हे सगळं आत्ताच बघायला सोपं.

डॉक्टर: तुमचं वर्णन ऐकून मलाच यावंसं वाटतंय. पण मी ज्या खुर्चीत बसतो तिथून वेगळं दिसतं. अमानिता गटातल्या काही जातींत अमाटॉक्सिन नावाचं विष असतं. ते शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त, काहीच होत नाही. मूल खेळतं, जेवतं, झोपतं. मग उलट्या आणि जुलाब. त्यानंतर एक दिवस बरं वाटतं, घरचे लोक डिस्चार्ज मागतात, आणि नेमकं तेव्हाच यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. 2022 च्या एप्रिलमध्ये आसामात रानातली अळंबी खाऊन 13 जण गेले, बहुतेक चहामळ्यांतल्या कुटुंबांतले. रानाच्या कडेला राहणारी माणसं फसतात, तर आपली फ्लॅटमधली मुलं काय ओळखणार?

बाई: ती माणसं गेली ती खाऊन. अळंबीला हात लावून अमाटॉक्सिन चढत नाही, ते पोटात जावं लागतं. मी बघायला नेतेय.

डॉक्टर: लहान मुलांचे हात तोंडातच असतात, बाई. तुमच्या यादीत चार वर्षांचा एक आहे.

बाई: त्याची आई बरोबर येणार आहे.

डॉक्टर: आई फोटो काढत असेल. सहा वर्षांखालचं कुणी नको.

बाई: बरं, हे मान्य. त्याला मी वेगळी गंमत दाखवीन. आता तू माझ्या एका प्रश्नाचं उत्तर दे. घसरगुंडीच्या मागची हिरवळ बघितलीस, परवाच्या पावसानंतर?

डॉक्टर: बघितली. पांढऱ्या, बशीएवढ्या छत्र्या, वर तपकिरी खवले. गोलात उगवल्यात. चांगल्या दिसतात.

बाई: माझा अंदाज क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिसचा आहे. उष्ण प्रदेशांत गवतावर सर्रास येते. उत्तर अमेरिकेत अळंबी खाऊन आजारी पडणाऱ्यांत सगळ्यांत जास्त लोक हिच्यामुळे पडतात. जीव सहसा जात नाही, पण तासा-दोन तासांत असे उलट्या-जुलाब लागतात की लहान मूल पार सुकून जाईल. आणि तू 'चांगल्या दिसतात' म्हणून पुढे गेलास.

डॉक्टर: मग माळीकाकांना सांगून आजच उपटून टाकू.

बाई: टाक, हरकत नाही. पण उपटलं जाईल ते फळ. खरी बुरशी मातीत पांढऱ्या तंतूंचं जाळं होऊन पसरलेली आहे. ती मधून बाहेरच्या बाजूला वाढत जाते आणि कडेला फळं धरते, म्हणून गोल दिसतो. पुढच्या पावसात थोडा मोठा गोल घेऊन परत येईल. तुझ्या घरच्या कुंडीत पिवळीधमक नाजूक छत्री येते ना, तीही खाल्ली तर पोट बिघडवते. टेकडीवर जायचं बंद करशील, हिरवळ कशी बंद करणार? कुंडी कशी बंद करणार? अळंबीशी मुलांची गाठ पडणारच आहे. ती कुणी मोठं माणूस जवळ असताना पडावी, एवढंच मी म्हणते.

डॉक्टर: अर्धवट ओळख तर अनोळखीपेक्षा वाईट. तुम्ही दोन तास दाखवणार, मुलं घरी जाऊन सांगणार, आणि कुणीतरी हौशी पालक चांदीचा चमचा घालून बघणार. चांगले शिकलेले लोक मला सांगतात: चमचा काळा पडला नाही म्हणजे चालेल, लसूण निळी झाली नाही म्हणजे चालेल, किड्यांनी खाल्लीय म्हणजे माणसालाही चालेल.

बाई: तिन्ही खोटं. अमाटॉक्सिनचा आणि चांदीच्या काळेपणाचा काही संबंध नाही. गोगलगायी आणि अळ्या विषारी अळंब्याही खुशाल खातात. आणि तू चौथी समजूत विसरलास: भडक रंगाची ती विषारी, साधी ती चांगली. ओंडक्यांवर नारिंगी-लाल पायक्नोपोरस असते, सगळ्यांत भडक तीच. ती चामड्यासारखी चिवट असते, तिच्या वाटेला कुणी जात नाही. आणि जगात सगळ्यांत जास्त जीव घेणारी डेथ कॅप ही फिकट हिरवट-पिवळसर, अगदी गरीब चेहऱ्याची. रविवारी हे चारही मी मुलांपुढे मोडून दाखवणार आहे. मूल घरी जाऊन काही सांगणारच असेल, तर 'चमच्याचं खोटं आहे' हे सांगू दे.

डॉक्टर: हे सांगितलंत तर माझं निम्मं काम होईल.

बाई: आणि तू तरी अळंब्या खातच वाढलास ना? तुझी आजी सावंतवाडीकडची.

डॉक्टर: हो. पावसाळ्यात वारुळाजवळची अळंबी यायची घरात. आजी सकाळी लवकर जायची, जागा कुणाला सांगायची नाही. ओल्या नारळाचं वाटण लावून करायची. पण बाई, माझा मुद्दा त्या आठवणीतूनच निघतो. आजीला ते एक वारूळ ठाऊक होतं, तो आठवडा ठाऊक होता, आणि त्या वारुळाजवळ तिच्या आईने तिला नेलेलं होतं. दोन पावलांवर आडव्या फांदीवरची दुसरी अळंबी ती शिवायचीसुद्धा नाही. पुण्यात आमच्याकडे राहायला आल्यावर तिने रस्त्याकडेची एकही उचलली नाही. मंडईतली बटण मशरूम आणायची. तिचं ज्ञान त्या गावाचं होतं. ते रविवारच्या फेरफटक्यात कुणाला देता येत नाही.

बाई: यावर माझं काहीच म्हणणं नाही. तुझ्या आजीला जे कळत होतं ते पुष्कळ पुस्तकं वाचलेल्यांना कळत नाही. फक्त त्या वारुळात काय चालतं तेही मुलांना कळावं, एवढं वाटतं. ती वाळवीची शेती आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून आत आणते, त्याचे गड्डे रचते आणि त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पोसते. लाकडातलं जे वाळवीला पचत नाही ते बुरशी पचवते, आणि वाळवी मग बुरशी खाते. ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांची आहे. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. पावसात त्या बागेतून लांब मुळासारखा दांडा मातीतून वर येतो, तीच तुमची अळंबी. विदर्भात सात्या म्हणतात, गोव्यात रोयणीवरची अळमी.

डॉक्टर: हे माझ्या मुलीला सांगितलंत तर ती वारूळ उकरायला बसेल.

बाई: वारूळ उकरायचं नाही, हा पहिला नियम. त्यात नाग निघाला तर तुझ्या खुर्चीचं काम वाढेल, आणि बाग मोडली की पुढच्या वर्षी अळंबी नाही.

डॉक्टर: मग मुलं पहिला प्रश्न काय विचारणार ते मी सांगतो. 'ही खायची का?' तुम्ही काय उत्तर देणार?

बाई: 'आपण बघायला आलोय.' खायची आणि विषारी हे दोन खण मी उघडणारच नाही. एकदा खण मिळाले की मूल बघायचं थांबतं. अळंबी टाकली एका खणात, चला पुढे. तिचे पापुद्रे कसे आहेत, ती मातीतून आलीय की लाकडातून, हे कुणी बघत नाही.

डॉक्टर: इथे मी अडणार. हे उत्तर म्हणजे टाळाटाळ आहे, आणि ती मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळते. ज्या प्रश्नाला मोठे बगल देतात तो मूल स्वतः सोडवायला जातं. तसं सोडवायला गेलेली मुलं मी रोज बघतो, कुणी नाकात वाटाणा घालून येतं, कुणी आजोबांची गोळी खाऊन. सरळ सांगा: काही अळंब्या खाऊन माणूस मरतो, आणि ती कोणती हे आपल्याला नुसतं बघून कळत नाही.

बाई: घाबरतील.

डॉक्टर: गाडीखाली माणूस मरतो हे आपण तीन वर्षांच्या मुलाला सांगतो. त्यामुळे ते रस्त्यावर चालायचं सोडत नाही, हात धरून चालतं.

बाई: बरं. ते वाक्य तूच म्हण रविवारी, तुझ्या तोंडून वजन येईल. पण त्यातला दुसरा भाग मोठ्याने म्हण: 'आपल्याला कळत नाही.' पहिला भाग तर सगळेच म्हणतात. दुसऱ्यापाशी मोठी माणसं गप्प होतात.

डॉक्टर: तुम्हालाही कळत नाही? तुम्ही आत्ताच लॅटिन नाव घेतलंत.

बाई: अंदाज म्हटलं. बघ, जगात नाव मिळालेल्या बुरशीच्या जाती दीड लाखाच्या आसपास, आणि एकूण असतील असा अंदाज 22 ते 38 लाखांचा. म्हणजे टेकडीवर आपल्या पायाखाली जिला अजून नावच नाही अशी बुरशी असणं अगदी शक्य आहे. जिला नाव आहे तीसुद्धा पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाने कवकांचा मोठा संग्रह आहे. तिथे आयुष्य घालवलेली माणसंसुद्धा फोटो बघून चटकन नाव सांगत नाहीत. मग मुलांपुढे मी कशाला तोरा मिरवू?

डॉक्टर: आणि मुलांकडचे फोन? फोटो काढला की अ‍ॅप नाव सांगतं.

बाई: अ‍ॅपला वरचा फोटो दिसतो. छत्रीखाली काय आहे, दांडा मातीत कुठपर्यंत गेलाय, वास कसला येतो, हे त्याला माहीत नसतं. तरी ते नाव सांगतं. म्हणून फोन पिशवीत. मुलं स्वतःच नावं ठेवतील. मागे एकीने ओल्या कानासारख्या लिबलिबीत बुरशीला 'झाडाचा कान' म्हटलं, आणि तिचं शास्त्रीय नावही कानावरूनच आहे, ऑरिक्युलेरिया.

डॉक्टर: ठेवलेलं नाव गोड असतं, पण विज्ञान तेवढ्यावर चालत नाही. माझ्याकडे आई येते आणि सांगते, 'बाळाला कसंतरीच होतंय.' मी म्हणतो, कुठे, केव्हापासून, किती वेळा. बिननावाचं ज्ञान दुसऱ्याला देता येत नाही. तुम्हीच आम्हाला बेडकाचे भाग पाठ करायला लावायचात.

बाई: लावायचे. पण तू आत्ता जे प्रश्न विचारलेस त्यांत रोगाचं नाव कुठे होतं? कुठे, केव्हापासून, किती वेळा. आधी वर्णन, मग नाव. मीही तेच करणार. प्रत्येक मुलाच्या वहीत पाच ओळी. कशावर उगवलीय: माती, लाकूड, शेण की पालापाचोळा. छत्रीच्या खाली काय: पापुद्रे, बारीक छिद्रं की काहीच नाही. दांड्यावर कडं आहे का. बुडाशी पिशवीसारखं आवरण आहे का. वास कसा. नावाची जागा शेवटी, आणि ती कोरी राहिली तरी चालेल.

डॉक्टर: थांबा. हे पाच मुद्दे म्हणजे मला हवी असलेली हकीकत आहे. कुणी अळंबी खाऊन आलं तर मी हेच विचारतो आणि कुणालाच सांगता येत नाही. 'पांढरी होती, छत्रीसारखी होती.' त्यावर काय करणार? दांड्यावरचं कडं आणि बुडाशी पिशवी दिसली की मला लगेच अमानिताची शंका घेता येते. पण लोक वरून छत्री खुडून आणतात आणि ती पिशवी मातीतच राहते.

बाई: मग रविवारी हे पालकांनाही सांगून टाक.

डॉक्टर: सांगतो. मुलाने रानातली अळंबी खाल्ल्याची शंका आली, तर त्रास व्हायची वाट बघायची नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही. उरलेली अळंबी बुडासकट कागदाच्या पिशवीत घालायची. प्लॅस्टिकमध्ये ती कुजते. खालून-वरून फोटो काढायचा आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं, नाहीतर 108 ला फोन. केव्हा खाल्ली ती वेळ लिहून ठेवायची. त्रास किती तासांनी सुरू झाला, यावरून मला खूप कळतं. लवकर सुरू झाला तर बहुधा पोटाचा मामला. सहा तास उलटून गेल्यावर सुरू झाला तर मला धडकी भरते.

बाई: बघ, माझी वही आणि तुझा केसपेपर एकच निघाले.

डॉक्टर: एवढ्यात हरणार नाही. टेकडीवर मला अळंबीपेक्षा वेगळ्याच गोष्टींची भीती आहे. मी गावात काम करत असताना अळंबीने गेलेलं मूल बघितलं नाही, सर्पदंशाची मुलं बघितली. ऑक्टोबरात गवत वाढलेलं असतं, त्यात घोणस दिसत नाही. दगडाखाली फुरसं, ओंडक्याखाली विंचू. तुम्ही मुलांना ओंडके उलटायला लावणार.

बाई: हाताने नाही. जिथे नजर पोचली नाही तिथे हात घालायचा नाही. सगळ्यांच्या पायांत बूट, हातात काठी. ओंडका मी उलटणार, पलीकडून माझ्याकडे, आणि बघून झाल्यावर होता तसा ठेवणार. त्याच्याखाली राहणाऱ्यांचं ते घर आहे.

डॉक्टर: आणि ते गोळे, ज्यांवर बोट दाबलं की धूर निघतो?

बाई: मुलांचा सगळ्यांत आवडता खेळ. तो धूर म्हणजे लाखो बीजाणू. पावसाचा थेंब पडला तरी असेच उडतात.

डॉक्टर: तोंडाजवळ धरून उडवायचे नाहीत. ते बीजाणू भरपूर श्वासात गेले तर फुप्फुसांना सूज येते, आणि आपल्या सोसायटीत दम्याची तीन मुलं माझ्याकडेच येतात. काठीने दाबा, वाऱ्याकडे पाठ करून. दम्याची मुलं मागे उभी राहतील.

बाई: लिहून घेतलं. आता तू मला एक सांग. तुला बुरशी म्हटलं की विष, दमा, नायटे एवढंच आठवतं का?

डॉक्टर: आमचा धंदाच तसा.

बाई: तुमचा धंदा उभा कशावर आहे? 1928 मध्ये फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली. आणि पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1954 ची, तिथे काय बनायचं?

डॉक्टर: पेनिसिलिन.

बाई: आणि आज दुपारची आमटी कशातली होती?

डॉक्टर: गोडा मसाला. त्याचं काय?

बाई: त्यात दगडफूल असतं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. तुमच्या घरात रोज खातात. मुलांना मी हे दोन्ही सांगणार, कारण नुसतं भ्यायला शिकलेलं मूल बुरशीला घाण समजतं. ती नसती तर टेकडीवरची प्रत्येक मेलेली फांदी तशीच पडून राहिली असती. लाकडाचा कठीण भाग पूर्णपणे कुजवायचं काम मुख्यतः तीच करते. शिवाय ती वनस्पती नाही. 1969 मध्ये व्हिटकरने तिला वेगळी सृष्टीच दिली. तिच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, झुरळाच्या पाठीवर असतं तेच. वंशावळीत ती झाडांपेक्षा तुला-मला जवळची.

डॉक्टर: हे सांगा, झुरळाचं नक्की आवडेल त्यांना. आणखी एक मागणी आहे घरातून. मुलीने कुठलीतरी रील बघितलीय, भीमाशंकरच्या जंगलात रात्री हिरवी चमकणारी बुरशी. मलाही बघायचीय. पुढच्या शनिवारी सगळ्यांनी जाऊ या का?

बाई: नाही.

डॉक्टर: अहो, आत्तापर्यंत तुम्ही 'हो' म्हणत होतात आणि मी 'नाही'.

बाई: चमकणारी बुरशी खरी आहे. मायसिना गटातल्या काही जाती, त्यांच्या पेशींत होणाऱ्या रासायनिक क्रियेतून थंड हिरवा उजेड निघतो. पण ती ऐन पावसात, चिंब लाकडावर. आता लाकूड वाळायला लागलंय. शिवाय भीमाशंकर अभयारण्य आहे, तिथे रात्री वाटेल तसं शिरता येत नाही आणि परवानगीशिवाय काही उचलून आणणं गुन्हा आहे. रील बघून आलेली गर्दी बॅटऱ्या घेऊन त्याच ओंडक्यांवर पाय देते. मुलांना मी असं काही दाखवणार नाही जे बघायला आणखी दोनशे माणसं लागतात. त्यापेक्षा घसरगुंडीमागची छत्री पुष्कळ काही शिकवेल.

डॉक्टर: ती विषारी?

बाई: तीच. शनिवारी संध्याकाळी एक मी स्वतः उचलणार. दांडा कापून छत्री अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर उपडी ठेवायची, वर काचेचा वाडगा झाकायचा, रात्रभर तसंच. माझ्या टेबलावर, तुझ्या फ्रिजमध्ये नाही. सकाळी निघायच्या आधी मुलं माझ्याकडे येतील आणि मी छत्री उचलीन. खाली बीजाणूंचा छाप पडलेला असेल, पापुद्र्यांच्या बारीक रेषांसकट. बहुतेक छत्र्यांचा छाप पांढरा, तपकिरी, गुलाबीसर किंवा काळा. माझा अंदाज बरोबर असेल तर हिचा हिरवट येईल.

डॉक्टर: आणि चुकीचा असेल तर?

बाई: तर मुलांना दिसेल की बाईंचा अंदाज चुकला आणि तो कागदाने पकडला. बरोबर आला तर दिसेल की वरून पांढरीशुभ्र वस्तू आतून हिरवी निघाली. कुठलाही निकाल लागला तरी वरून बघून ठरवायचं नाही, हे त्यांच्या डोळ्यांपुढे घडेल. नंतर छत्री कागदात गुंडाळून कचऱ्यात, टेबल पुसून.

डॉक्टर: ते सगळं पटलं. एक गोष्ट अजूनही पटत नाही. टेकडीवर मुलांनी अळंबीला हात लावणं. विष कातडीतून जात नाही, हे मीच सांगू शकतो. पण नियम म्हणून 'हात नाही' हा सोपा आहे. सोपा नियम मूल घाईतही पाळतं. 'लाव, पण तोंडात घालू नको' यात एक पायरी जास्त आहे, आणि अपघात नेहमी त्या जास्तीच्या पायरीवर होतात.

बाई: आणि मला वाटतं, चिवट, लिबलिबीत, मखमली हे बोटांनाच कळतं. न शिवता शिकलेलं चित्रातल्यासारखं राहतं. माझा मुद्दा मी सोडणार नाही.

डॉक्टर: मीही नाही.

बाई: मग मुलांपुढे दोन्ही ठेवू. बाई म्हणतात हात लावला तर चालतो, डॉक्टर म्हणतात नको. ज्याला लावायचाय त्याने खाऊच्या डब्याला हात घालण्याआधी साबणाने धुवायचे. ज्याला नाही त्याने काडी घ्यायची.

डॉक्टर: मुलांपुढे मोठ्यांनी असं उघड भांडायचं?

बाई: भांडायचं. न खाण्यावर मात्र दोघांचं एकमत आहे, हेही त्यांना त्याच वेळी दिसेल. मग कुठलं बोलणं मताचं आणि कुठलं पक्कं, हे त्यांचं त्यांना कळेल.

डॉक्टर: काड्या मी आणतो. फुरशासाठी पुढे कुणीतरी चालायला लागणारच आहे. सात वाजता?

बाई: साडेसहा. ऑक्टोबरचं ऊन आहे. आणि बूट घालून ये. शाळेच्या सहलीला तू चपला घालून यायचास.